प्रार्थनेतील तृतीय पुरुष

ख्रिस्ती उपासनेत नम्रता हा गुण आणि स्वतःच्या धार्मिकतेचा अभिमान हा दोष मानला जातो. हा भेद भाषेच्या कोणत्या अंगात प्रकट होतो, हे पाहण्यास लूककृत शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायातील परूशी व जकातदार यांचा दृष्टान्त विशेष उपयुक्त आहे. दोघेही मंदिरात प्रार्थनेस येतात. परूशी आपल्या उपवासांचे व दशमांशाचे कथन करतो. जकातदार ऊर बडवून दयेची याचना करतो.

मूळ ग्रीक संहितेत परूश्याच्या प्रार्थनेत प्रथमपुरुषी क्रियापदे पाच आहेत. जकातदाराची प्रार्थना अवघ्या सहा शब्दांची आहे. तीत क्रियापद एकच असून ते देवाला उद्देशून आज्ञार्थी आहे. वक्त्याचे सर्वनाम केवळ चतुर्थीत येते. यावरून ‘मी’चे प्राबल्य हेच अभिमानाचे लक्षण, असा निष्कर्ष सहज सुचतो. तो अपुरा आहे. रोमन मिस्सेतील लॅटिन पापकबुलीही प्रथमपुरुषी एकवचनी क्रियापदानेच सुरू होते. शिवाय परूश्याचे कथन असत्य आहे, असे दृष्टान्तात कोठेही म्हटलेले नाही.

त्याच्या प्रार्थनेचा खरा विशेष दर्शक सर्वनामात आहे. देव व भक्त यांच्या संवादात तो ‘हा जकातदार’ असा तृतीय पुरुष आणतो, तोही तुलनेसाठी. जकातदाराच्या प्रार्थनेत तिसरा कोणीच नाही. त्याने स्वतःस लावलेल्या ‘पापी’ या शब्दापूर्वी ग्रीकमध्ये निश्चित उपपद आहे. जणू त्याच्या दृष्टीने पापी तो एकटाच.

हा तृतीय पुरुष पुढे ख्रिस्ती आचारातही शिरला. ‘डिडाखे’ या प्राचीन ग्रंथात उपवासाविषयी आदेश आहे : दांभिक लोक सोमवारी व गुरुवारी उपवास करतात, तुम्ही बुधवारी व शुक्रवारी करावा. आठवड्यातून दोन उपवास कायम राहिले. वार मात्र इतरांहून वेगळे दिसावे म्हणून बदलले.

मराठीत ‘आम्ही’ व ‘आपण’ यांच्या भेदामुळे हा प्रश्न अधिक सूक्ष्म होतो. ‘आम्ही’ श्रोत्यास वगळतो, ‘आपण’ त्यास सामावून घेतो. देवापुढे सामुदायिक पापकबुली देताना ‘आम्ही’ हेच योग्य, कारण तेथे श्रोता निष्पाप देव आहे. मंडळीपुढे उभा राहून उपदेशक ‘तुम्ही पापी आहात’ म्हणाला, तर तो स्वतःस वगळतो; ‘आपण पापी आहोत’ म्हणाला, तरच तो मंडळीत येऊन बसतो.

अर्थात व्याकरणाला अंतःकरण दिसत नाही. नम्रतेची सूत्रे मुखोद्गत करूनही अभिमान टिकतो. हा दृष्टान्त ऐकून ‘मी त्या परूश्यासारखा नाही’ असे मनाशी म्हणणारा उपासक परूश्याचेच वाक्य उच्चारीत असतो. त्याने केवळ तृतीय पुरुषाच्या जागी दुसरा मनुष्य ठेवलेला असतो.