वाळवी कोणाच्या कुळातली?



माळावर किंवा शेताच्या बांधावर मातीचे उंच वारूळ तुम्ही पाहिले असेल. नागपंचमीला त्याची पूजाही होते. ते कोणी बांधले असे विचारले, तर पुष्कळ जण चटकन सांगतील, “मुंग्यांनी!” इंग्रजीतसुद्धा वाळवीला ‘पांढरी मुंगी’ म्हणण्याची जुनी पद्धत आहे. पण असली उंच वारुळे बांधते ती वाळवी, आणि वाळवी ही मुंगी नव्हे. मग ती कोण? उत्तर ऐकून नाक मुरडू नका. वाळवी म्हणजे एक प्रकारचे झुरळच आहे!

मी भौतिकशास्त्र शिकवतो. ‘हे कशावरून?’ असे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. तुम्हीही ते विचारा. चला तर, या विधानाचा पुरावा तपासू.

दिसते तसे नसते

मुंग्या आणि वाळवी दोघी वसाहत करून राहतात. दोघींत राणी असते, कामकरी असतात, सैनिक असतात. पण भिंग घेऊन नीट पाहा. मुंगीची कंबर बारीक, वाळवीची जाड. मुंगीच्या मिशा कोपरासारख्या वाकलेल्या, वाळवीच्या मण्यांच्या माळेसारख्या सरळ. मुंगी अळी व कोष या अवस्थांतून जाते. वाळवीला कोष नसतो. तिचे पिल्लू पहिल्यापासून आईबापांसारखेच दिसते. मुंग्यांचे नर मीलनानंतर लवकरच मरतात, पण वाळवीचा राजा राणीजवळच नांदतो. मुंगीचे खरे नातेवाईक म्हणजे गांधीलमाशी आणि मधमाशी.

तेव्हा सारखे राहणीमान हा नात्याचा पुरावा नव्हे. वटवाघूळ उडते म्हणून ते पक्षी ठरत नाही, तसेच हे.

जुने धागेदोरे

वाळवी झुरळांच्या जवळची असावी, असा संशय कीटकशास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून होता. ऑस्ट्रेलियात मॅस्टोटर्मिस नावाची एक वाळवी आहे. तिची अंडी झुरळाच्या अंड्यांप्रमाणे एकत्र चिकटलेली असतात, आणि मागच्या पंखाची घडणही झुरळाच्या पंखाची आठवण करून देते.

1934 साली एल. आर. क्लीव्हलँड या अमेरिकन शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह क्रिप्टोसर्कस या झुरळाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. हे झुरळ कुजक्या ओंडक्यात राहते आणि लाकूडच खाते. त्याच्या आतड्यात लाकूड पचवायला मदत करणारे एकपेशीय जीव असतात, आणि तसलेच जीव अनेक वाळव्यांच्या आतड्यांतही सापडतात. शिवाय या झुरळाचे आईबाप पिल्लांसह एकत्र राहतात. पिल्लांना हे उपयुक्त जीव मिळतात तेही आईबापांकडूनच.

मग प्रश्न सुटला का? नाही. 1990 साली बार्बरा थॉर्न यांनी एक रास्त शंका काढली. दोघांचेही घर कुजके लाकूड. तेव्हा फार पूर्वी एकाने दुसऱ्याला खाल्ले असेल आणि आतड्यातले जीव तिकडून इकडे आले असतील! शेजाऱ्याकडून आणलेल्या भांड्यावरून कोणी नाते ठरवत नाही. आता असा पुरावा हवा होता, जो आईबापांकडूनच मिळतो आणि उसना आणता येत नाही.

पोथ्यांतील चुका

असा पुरावा कसा वाचायचा, हे समजण्यासाठी क्षणभर पुण्याला जाऊ. तेथील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. विष्णु सीताराम सुकथनकर हे 1925 पासून त्याचे प्रमुख संपादक होते. 1,259 हस्तलिखिते जमवून पडताळली गेली आणि 1966 साली हे काम पुरे झाले.

हाताने उतरवताना लेखनिकाकडून चूक व्हायचीच. मग त्या प्रतीवरून जो नक्कल करील त्याच्याकडेही ती चूक जायची. म्हणून दोन पोथ्यांत एकच विचित्र चूक एकाच जागी सापडली, तर त्या बहुधा एकाच प्रतीवरून उतरल्या असल्या पाहिजेत. लक्षात ठेवा, शुद्ध मजकूर सगळ्यांत सारखाच असतो, त्यावरून जवळचे नाते कळत नाही. ते सांगते ती सामाईक चूक!

पेशीतली पोथी

प्रत्येक सजीवाच्या पेशीत अशीच एक पोथी असते. तिचे नाव डीएनए. तिची वर्णमाला फक्त चार अक्षरांची: ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन आणि सायटोसीन. आपण त्यांना अ, थ, ग, स म्हणू. पिढीगणिक या पोथीची नक्कल होते आणि क्वचित एखादे अक्षर बदलते. तो बदल पुढच्या पिढ्यांत उतरतो.

समजा, एका जनुकाचा छोटा तुकडा चार कीटकांत असा आढळला. (ही अक्षरे केवळ समजण्यासाठी मी कल्पिली आहेत.)

नाकतोडा: ग अ थ स स अ ग थ
घरातले झुरळ: ग अ थ स ग अ ग थ
लाकूडखाऊ झुरळ: ग अ थ अ ग अ ग थ
वाळवी: ग स थ अ ग अ ग थ

नाकतोडा हा दूरचा नातेवाईक. मूळ अक्षर कोणते असावे हे ठरवायला तो घेतला आहे. आता पाचवे अक्षर पाहा. उरलेल्या तिघांत ते ‘स’चे ‘ग’ झाले आहे, म्हणजे हे तिघे एका घरातले. चौथे अक्षर फक्त लाकूडखाऊ झुरळ आणि वाळवी यांच्यात बदललेले आहे. म्हणजे तिघांत हे दोघे सख्खे. दुसरे अक्षर एकट्या वाळवीत बदलले. नात्याबद्दल ते काहीच सांगत नाही.

पण अक्षरे चारच असल्याने तोच बदल योगायोगाने दोन ठिकाणी होऊ शकतो. मग एका अक्षरावर भरवसा कसा ठेवायचा? ठेवायचाच नाही! प्रयोगशाळेत लंबकाचा आवर्तकाल काढताना आपण एका आंदोलनावर थांबतो का? तसेच येथेही हजारो अक्षरे, अनेक जनुके आणि पुष्कळ जाती घेतात, आणि सगळ्या बदलांचा मेळ कोणत्या वंशवृक्षाशी उत्तम बसतो हे संगणकाने तपासतात. काही जनुके भरभर बदलतात, काही सावकाश. घड्याळाच्या सेकंदकाट्याप्रमाणे पहिली जवळच्या नात्यांसाठी, आणि तासकाट्याप्रमाणे दुसरी फार जुन्या नात्यांसाठी उपयोगी पडतात.

निकाल

2000 साली नेथन लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक जनुकांची तुलना केली. वाळवी लाकूडखाऊ झुरळाच्या शेजारीच बसली. 2007 साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधील शास्त्रज्ञांनी झुरळे, वाळव्या आणि प्रार्थनाकीटक यांच्या शंभरावर जातींतील पाच जनुके तपासली. उत्तर तेच आले. वाळव्यांचा ‘आयसॉप्टेरा’ म्हणजे समपंखी हा स्वतंत्र गण मानला जाई; तो आता झुरळांच्या गणात सामावला गेला. 2014 साली कीटकांच्या सर्व गणांतील 1,478 जनुकांवर आधारलेला मोठा वंशवृक्ष प्रसिद्ध झाला. त्यातही वाळवी झुरळांच्याच फांदीवर आहे.

यातून एक गंमत निघते. न्हाणीघरात दिसणारे मोठे तांबूस झुरळ आणि स्वयंपाकघरातले लहान ‘जर्मन’ झुरळ आपल्याला भाऊभाऊ वाटतात. पण मोठे झुरळ लहान झुरळापेक्षा वाळवीला अधिक जवळचे आहे!

आणि खरी महत्त्वाची गोष्ट अशी: राणी, कामकरी, सैनिक असलेला समाज निसर्गात एकदाच निर्माण झाला नाही. गांधीलमाश्यांच्या कुळात तो मुंग्यांनी उभा केला, आणि झुरळांच्या कुळात वाळवीने, एकमेकींपासून अगदी स्वतंत्रपणे. कुजक्या ओंडक्यात पिल्लांना सांभाळणारे ते झुरळी कुटुंब पाहिले, की दुसऱ्या समाजाची सुरुवात कशी झाली असेल याची कल्पना येते.

आता पहिला पाऊस पडला, की संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाले किडे जमतील. सकाळी खाली गळून पडलेले पंख उचला आणि भिंगाखाली पाहा. चारही पंख सारख्या लांबीचे असले तर ती वाळवी. पुढचे पंख मोठे आणि मागचे लहान असले तर ती मुंगी. पोथी वाचायला प्रयोगशाळा लागते. पण ‘हे कशावरून?’ असे विचारायला भिंग आणि दोन डोळे पुरेत.