रूळ परतले, पोती परतली नाहीत

बंद पडलेला रेल्वेमार्ग पुन्हा सुरू करा, ही मागणी विदर्भात जुनी आहे. कापसासाठी घातलेल्या यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर मार्गाच्या 'शकुंतले'साठी आजही निवेदने दिली जातात. पण 'सुरू करणे' म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायचे तर गोंदियाकडे पाहावे. येथे जुने मार्ग उखडून नव्या मापाचे रूळ घालण्याचे काम तीनदा झाले आहे.

पहिली खेप एकोणिसाव्या शतकातली. छत्तीसगडचे धान्य बाहेर काढण्यासाठी 1880 च्या सुमारास नागपूर–राजनांदगाव हा मीटरगेज मार्ग झाला. 1887 साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केला. त्यानंतर 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनी सातपुड्याच्या कुशीतल्या मुलखात धान्य पोहोचवणे किती अवघड आहे ते दाखवून दिले. 1903 ते 1905 या काळात गोंदिया–नैनपूर–जबलपूर ही छोटी लाईन सुरू झाली. 1908 मध्ये दक्षिणेला नागभीडकडे दुसरी निघाली आणि पुढे ती चांदा फोर्टपर्यंत गेली. दोन्हींच्या रुळांतले अंतर 762 मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. मधून जाणाऱ्या मोठ्या लाईनचे 1,676 मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट.

अरुंद मार्ग निवडला तो खर्चासाठी. छोटी गाडी तीव्र वळण घेते, डोंगराला वळसा घालते, तिला हलके पूल चालतात. मात्र त्याची किंमत गोंदियात मोजावी लागे. बालाघाटचे मँगनीज, सातपुड्यातले लाकूड आणि बांबू, तेंदूपाने, धान, सारे छोट्या वाघिणींतून गोंदियाला यायचे आणि तिथे उतरवून मोठ्या वाघिणींत भरावे लागायचे. एकेक पोते दोनदा उचलायचे. मजुरी दुप्पट, वेळ दुप्पट, सांडलवंड वेगळी. जुन्या हमालांकडून मी या बदलाबदलीविषयी पुष्कळ ऐकले आहे. त्यांच्या कित्येक घरांची चूल त्यावर पेटत होती. ट्रक आले, तेव्हा व्यापाऱ्याने साधा हिशेब केला: ट्रक माल दारातून उचलतो आणि दारात उतरवतो. छोट्या लाईनची मालवाहतूक हरली ती वेगापेक्षा या बदलाबदलीमुळे.

म्हणून नुसते जुने रूळ दुरुस्त करून भागणार नव्हते. रुळांचे माप एक करणे हाच उपाय होता. चांदा फोर्टकडचा मार्ग 1990 च्या दशकात ब्रॉडगेज झाला, बालाघाटपर्यंतचा 2005-06 च्या सुमारास. उरलेली छोटी गाडी 2015 साली थांबली आणि 2021 पर्यंत जबलपूरपर्यंत मोठी गाडी धावू लागली.

या कामात जुन्या मार्गाचे उपयोगी पडते काय? मुख्यतः जमीन. सलग पट्टा हाती असणे हीच बंद मार्गाची खरी पुंजी. रूळ, स्लीपर आणि बहुतेक पूल नव्या भाराला पुरे पडत नाहीत. भराव रुंद करावा लागतो. तीव्र वळणे सरळ करायची तर काही ठिकाणी नवी जमीन लागते, आणि जंगल असेल तर परवानगीही. बालाघाट–नैनपूर टप्पा कान्हा आणि पेंच यांना जोडणाऱ्या वन्यजीवांच्या वाटेतून जातो. तिथे वेळ लागणे स्वाभाविक होते, आणि त्या वाटेची काळजी घेणे आवश्यकही.

फायदा मोठा झाला. जबलपूरहून बल्लारशाहकडे जाणारी गाडी पूर्वी इटारसी–नागपूरमार्गे जाई. गोंदियामार्गे हे अंतर सुमारे पावणेतीनशे किलोमीटरने कमी होते. उत्तर–दक्षिण मालगाडीसाठी ही बचत लहान नाही.

पण या मालगाड्यांत गोंदियाचे पोते किती? इथेच खरा प्रश्न आहे. पूर्वी लहान स्थानकावरूनही सुटा माल किंवा एखादी वाघीण नोंदवता येई. 1980 नंतर रेल्वेने हा व्यवहार हळूहळू आवरता घेतला आणि संपूर्ण रेकवर भर दिला. बंद वाघिणींची एक रेक साधारण 42 डब्यांची, सुमारे 2,600 टनांची. आता हिशेब करू. ताशी दोन टन तांदूळ काढणारी मिल रोज सोळा तास चालली, तर दिवसाला 32 टन होतात. रेक भरायला तिला ऐंशी दिवस लागतील. रेल्वे मात्र भरायला काही तासच देते, पुढे डेमरेज सुरू होते.

याच जिल्ह्यात तिरोड्याला 3,300 मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे. ते पूर्ण क्षमतेने चालले तर दिवसाला दहाहून अधिक रेक कोळसा लागेल. आजची रेल्वे अशा ग्राहकाच्या मापाने शिवलेली आहे. भातगिरणीवाल्याच्या अंगाला ती होत नाही. तो ट्रकच बोलावतो.

यावर उपाय नाही असे नाही. वीस डब्यांच्या मिनी रेकची सोय रेल्वेकडे आहे. तरीही एका मिलला ती भरायला सव्वा महिना लागेल, पण वीस मिलचा माल एकत्र आला तर दोन दिवस. त्यासाठी मालधक्क्याला लागून सामायिक गोदाम हवे, पावसात पोती भिजणार नाहीत असे छप्पर हवे, ट्रक वळेल असा पक्का रस्ता हवा, आणि कुणाचा माल कधी जाणार हे ठरवणारी गिरणीवाल्यांची एखादी सहकारी व्यवस्था हवी. यातले अर्धे काम रेल्वेचे, अर्धे आपले.

हे आत्ताच सांगायचे कारण आहे. गोंदिया–बल्लारशाह मार्गाच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2025 मध्ये मंजुरी दिली. दुसरा रूळ पडतो तेव्हा स्थानकांचे नकाशेही नव्याने काढले जातात. कुठे जादा मार्गिका, कुठे मालधक्का, हे तेव्हाच ठरते, आणि मागाहून बदलणे महाग पडते. लोकप्रतिनिधींकडे आपण जाऊ, तेव्हा नव्या गाडीला थांबा मागूच. त्याच निवेदनात सौंदड किंवा अर्जुनीसारख्या स्थानकावर छप्पर असलेला मालधक्का मागणारी एक ओळ असावी. नाहीतर आपल्या शेतांमधून मालगाड्या दिवसरात्र धावतील आणि आपले धान त्यांच्या शेजारच्या रस्त्यावरून ट्रकने जात राहील.