आगीआधी धूर पोहोचतो

दि. ६ नोव्हेंबर २०२१, भाऊबीजेचा दिवस. नगरच्या जिल्हा रुग्णालयातील कोरोना अतिदक्षता विभागास आग लागली आणि उपचार घेत असलेले ११ रुग्ण प्राणास मुकले. त्याच वर्षी ९ जानेवारी रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षात मध्यरात्रीनंतर आग लागून १० अर्भके दगावली. ७ बालकांना वाचविण्यात यश आले. खर्डा परिसरातील प्रत्येक कुटुंबाला कधी ना कधी रुग्णालयाची पायरी चढावी लागते. म्हणून या विषयाची माहिती येथे देणे आम्ही कर्तव्य समजतो.

आगीत दगावणाऱ्यांपैकी बरेच जण ज्वाळांनी नव्हे, तर धुराने गुदमरून दगावतात. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो व वासही नसतो. माणूस सावध होण्यापूर्वीच बेशुद्ध होतो. नाकाला ओला रुमाल लावल्याने हा वायू अडत नाही. रुग्णालयात प्राणवायूचा वापर असतो. तो स्वतः जळत नाही. परंतु त्याच्या सान्निध्यात गादी, पडदे झपाट्याने पेट घेतात.

घरास आग लागली की आपण बाहेर धाव घेतो. रुग्णालयात मात्र अनेकांना उठताही येत नाही. अशा रुग्णांना प्रथम त्याच मजल्यावरील सुरक्षित कक्षात हलवून मधला दरवाजा बंद करावयाचा असतो. बंद दरवाजा धुरास काही काळ थोपवितो व तेवढ्या अवधीत पुढील व्यवस्था करता येते.

बंब पोहोचेपर्यंतची पहिली काही मिनिटे उपस्थितांच्याच हाती असतात. त्या वेळी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१) धूर दिसताच परिचारिकेस सांगावे व १०१ किंवा ११२ क्रमांकावर कळवावे.

२) आगीच्या सर्वात निकट असलेल्या रुग्णास प्रथम हलवावे. स्ट्रेचर नसल्यास चादरीसह वा गादीसह जमिनीवरून ओढून न्यावे.

३) प्राणवायूची झडप कर्मचाऱ्यांनीच बंद करावी, नातेवाइकांनी हात लावू नये.

४) विजेच्या उपकरणास आग लागल्यास पाणी मारू नये. कोरड्या पावडरचे किंवा कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक वापरावे. खीळ काढून फवारा आगीच्या बुडाशी धरावा.

५) लिफ्ट वापरू नये. धूर दाटल्यास जमिनीलगत वाकून चालावे.

६) कपडे पेटल्यास धावू नये, जमिनीवर लोळावे.

७) एकदा बाहेर पडल्यावर सामानासाठी परत आत जाऊ नये.

नातेवाइकांस आमची विनंती आहे, की जिन्यात व दरवाजांपुढे डबे, पिशव्या, अंथरुणे ठेवू नयेत. आपल्या सोयीसाठी अडविलेली वाट उद्या आपल्याच रुग्णाची वाट असेल.

महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै महिन्यांत, सादर करणे बंधनकारक आहे. परंतु प्रमाणपत्र भिंतीवर लावल्याने आग विझत नाही. रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांसह वारंवार घेतलेला सराव, जुन्या वायरिंगची वेळीच बदली आणि कुलूप नसलेला आपत्कालीन दरवाजा, यांनीच जीव वाचतात.

दात्यांच्या नावाची पाटी नव्या यंत्रावर सहज लागते; बदललेल्या वायरिंगवर ती लागत नाही. तरीही या न दिसणाऱ्या कामास आपण उदार हस्ते साहाय्य करावे, ही नम्र विनंती.