मनोविकारविरोधी औषधे आणि प्रौढांमधील शय्यामूत्र : एक अनुच्चारित अनुषंगिक परिणाम

प्रस्तावना

अंथरुणात लघवी होणे ही बाब आपल्याकडे लहान मुलांच्या खात्यावर जमा आहे. शार्ङ्गधरसंहितेनेही ‘शय्यामूत्र’ बालरोगांतच गणले आहे. त्यामुळे तीस-पस्तीस वर्षांच्या, शिकलेल्या माणसाचे अंथरूण एके रात्री ओले होते तेव्हा ही गोष्ट कोणत्या शब्दांत सांगावी हेच त्याला कळत नाही. तो चादर स्वतः धुऊन टाकतो, गादी उलटी करतो आणि गप्प राहतो. हा माणूस छिन्नमनस्कतेसाठी, म्हणजेच स्किझोफ्रेनियासाठी, औषध घेत असेल तर या मौनाची किंमत फार मोठी असू शकते. प्रस्तुत लेखात क्लोझापिन या औषधाच्या संदर्भात या अनुषंगिक परिणामाची कारणे, तो झाकला जाण्याची कारणे व उपलब्ध उपाय यांचा परामर्श घेतला आहे.

क्लोझापिनचे स्थान

क्लोझापिन हे साधे औषध नव्हे. स्वित्झर्लंडमधील वँडर कंपनीच्या प्रयोगशाळेत ते तयार झाले व १९७०च्या दशकाच्या आरंभी युरोपात वापरात आले. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये काही रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी एकाएकी घटून मृत्यू ओढवले आणि हे औषध जवळजवळ अडगळीत पडले. १९८८ मध्ये जॉन केन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील २६८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अन्य औषधांना दाद न देणाऱ्या या रुग्णांपैकी क्लोझापिनने सुमारे ३० टक्के सुधारले. तुलनेसाठी दिलेल्या क्लोरप्रोमाझिनने केवळ ४ टक्के. पुढील वर्षी अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली, ती नियमित रक्ततपासणीच्या अटीवर.

म्हणजेच हे औषध ज्यांना दिले जाते त्यांच्यापैकी बहुतेकांसाठी मागचे दरवाजे बंद झालेले असतात. ‘हे सोसत नाही, दुसरे द्या’ असे म्हणण्याची सोय येथे फारशी नसते.

अंथरूण का ओले होते?

मूत्राशय भरत असताना त्याची भिंत सैल राहते आणि मुखाशी असलेला स्नायू आवळलेला राहतो. हा आवळ टिकविण्याचे काम अनुकंपी चेतासंस्था अल्फा-१ नावाच्या ग्राहींमार्फत करते. क्लोझापिन हे ग्राही अडविते, आणि मुखाचा स्नायू ढिला पडतो. पुरःस्थ ग्रंथी वाढल्याने लघवी अडणाऱ्या वृद्धांना याच ग्राहींना अडविणारी औषधे मुद्दाम दिली जातात. तेथे जो परिणाम हवा असतो, तोच येथे नको तेव्हा, नको त्या जागी घडतो.

त्यात झोपेची भर पडते. क्लोझापिनची गुंगी जड असते, आणि दिवसा झापड येऊ नये म्हणून मोठी मात्रा बहुधा रात्रीच दिली जाते. मूत्राशय भरल्याची जाणीव झोपलेल्या मेंदूला जागे करावयास अपुरी पडते. हे झाले दोन मुख्य दुवे. तथापि दुसऱ्या बाजूने हेच औषध ॲसिटिलकोलीनच्या कार्यात अडथळा आणते, त्यामुळे काहींचे मूत्राशय पूर्ण रिते होत नाही व साचलेली लघवी ओसंडून बाहेर येते. बद्धकोष्ठाने भरलेले आतडे मूत्राशयावर दाब देते, तो भाग निराळाच.

मात्र प्रत्येक ओले अंथरूण याच साखळीने स्पष्ट होते असे मानणे धोक्याचे आहे. क्लोझापिनमुळे वजन व रक्तशर्करा वाढू शकते, आणि नव्याने उद्भवलेल्या मधुमेहाची पहिली खूण रात्रीची वाढलेली लघवी असू शकते. त्याहून गंभीर शक्यता म्हणजे झोपेत आलेली फिट. हे औषध अपस्माराची प्रवृत्ती वाढविते. सकाळी जीभ चावलेली आढळली, अंग दुखत असले किंवा रुग्ण गोंधळलेला असला, तर प्रश्न मूत्राशयाचा नसून मेंदूचा असतो.

न सांगितलेली तक्रार

२०११ मध्ये न्यूझीलंडमधील एका अभ्यासात याविषयी नेमका प्रश्न विचारून माहिती गोळा करण्यात आली. क्लोझापिन घेणाऱ्यांपैकी सुमारे २१ टक्के रुग्णांना हा त्रास आढळला. ओलांझापिनच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे १०, क्वेटियापिनच्या बाबतीत ७ व रिस्पेरिडोनच्या बाबतीत ६ टक्के होते. क्लोझापिनचा गट शंभराच्या आतला होता, तेव्हा आकड्यांवर फार भार टाकू नये. पण पाचांत एक हे प्रमाण दुर्मीळ म्हणता येत नाही.

मग ते कानावर का येत नाही? आपल्याकडे रुग्ण तपासणीस बहुधा आई, भाऊ किंवा पत्नीसोबत येतो, आणि बोलणे नातेवाईकच करतात. झोप कशी आहे, जेवतो का, भास होतात का, एवढ्यावर भेट संपते. आईच्या देखत ही गोष्ट सांगणे रुग्णास जड जाते. आईस ठाऊक असेल तर मुलाची लाज राखण्यासाठी तीही गप्प बसते. काही घरांत हा आळस किंवा आजाराचेच लक्षण समजून बोल लावला जातो. वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत इतरांसोबत राहणाऱ्या विद्यार्थ्याची अवस्था तर विचारावयासच नको. रक्तातील पेशी ठरलेल्या दिवशी मोजल्या जातात, अंथरुणाची चौकशी मात्र कोणी करीत नाही. ‘या औषधाने अनेकांना रात्री अंथरुणात लघवी होते, तुम्हाला तसे झाले का?’ असे एकांतात विचारले तर उत्तर मिळते, कारण त्या वाक्यात ‘अनेकांना’ हा शब्द आहे.

उपाययोजना

प्रथम साध्या गोष्टी. सायंकाळनंतर चहा व पाणी कमी करणे, निजण्यापूर्वी लघवीस जाणे, गजर लावून मध्यरात्री एकदा उठणे, बद्धकोष्ठ दूर करणे. डॉक्टर रात्रीची मात्रा थोडी अलीकडे आणू शकतात किंवा एकूण मात्रा घटवू शकतात. पुष्कळदा आरंभीच्या काळातील त्रास पुढे आपोआप ओसरतो.

यापुढील औषधे दुधारी आहेत. डेस्मोप्रेसिन रात्रीची लघवी कमी करते, परंतु रक्तातील सोडियम घटविते. सतत पाणी पिण्याची सवय लागलेल्या मनोरुग्णास ते घातक ठरू शकते. मूत्राशय शिथिल करणाऱ्या काही औषधांनी बद्धकोष्ठ वाढते. क्लोझापिनमुळे आतडे मंदावून मृत्यू ओढवल्याची उदाहरणे असल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये याबाबतचा इशारा अधिक कडक केला.

अंथरुणाच्या लाजेने कोणालाही न सांगता गोळ्या बंद करणे हा रुग्णाने स्वतः शोधलेला उपाय असतो. अंथरूण कोरडे होते, पण काही दिवसांत भास व संशय परततात. घाबरलेले घर मग जुनी पूर्ण मात्रा एकदम सुरू करते. क्लोझापिनमध्ये ४८ तासांहून अधिक खंड पडल्यास पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून आरंभ करावा लागतो. अन्यथा रक्तदाब कोसळून रुग्ण बेशुद्ध पडू शकतो किंवा त्यास फिट येऊ शकते. म्हणून खंड किती तासांचा पडला हे डॉक्टरांना आधी सांगावे लागते, आणि तो का पडला हे सांगताना चादरीचा विषय तेथे निघतोच.