संगणकासाठी पाण्याचा गारवा

प्रोसेसरची उष्णता पाण्याने वाहून नेणाऱ्या यंत्रणेत तांब्याचा ठोकळा, पंप, नळ्या आणि पंखे लावलेला रेडिएटर असतो. एका अंशाने तापताना पाणी तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा हजारो पट उष्णता सामावून घेते. पण ती उष्णता शेवटी खोलीतच सोडायची असते. नागपूरच्या मे महिन्यात खोली ४० अंशांवर असेल, तर प्रोसेसर त्याहून गार होणार नाही.

घरासाठी कारखान्यातच भरून सीलबंद केलेला संच बरा. १२० मिलिमीटरच्या रेडिएटरवर पैसे घालवू नयेत. चांगला हवेचा कूलर तेवढेच काम स्वस्तात करतो. २४० किंवा ३६० मिलिमीटरचा घ्यावा, मात्र आधी कॅबिनेटमध्ये टेप लावून बघावी. रेडिएटर साधारण २७ आणि पंखा २५ मिलिमीटर जाड, म्हणजे ५२ मिलिमीटर जागा हवीच.

खरी चूक बसवताना होते. नळ्यांतून वर्षानुवर्षे थोडे पाणी झिरपून उडते आणि आत हवेचा बुडबुडा साठतो. तो सर्वांत उंच जागी जाऊन बसतो. तिथे पंप असला, तर तो गुरगुरू लागतो आणि लवकर झिजतो. म्हणून रेडिएटरचे वरचे टोक पंपापेक्षा उंच ठेवावे.

सुटे भाग जोडणाऱ्यांनी तांबे आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आणू नये. ॲल्युमिनियम गंजत जाते.