पोच आणि आभार

निवडणूक जिंकली की आभार मानायला वेळ नसतो आणि हरली की पैसे नसतात. आमच्या वाट्याला दुसरी अवस्था आली होती. तरीसुद्धा आभारांवरून आमच्या ओसरीवर जे रण माजले, तेवढे प्रचारातही माजले नव्हते!

गोष्ट २०१८ सालची. ऑगस्टच्या पहिल्या तारखेला आमच्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेचे मतदान व्हायचे होते. आमचे एक स्नेही, नुकतेच निवृत्त झालेले मुख्याध्यापक, अपक्ष म्हणून उभे राहिले. गटारे तुंबतात, पाणी वेळेवर येत नाही, या तक्रारींची निवेदने लिहून लिहून त्यांचा हात दुखला होता. ‘आता निवेदने घेणाऱ्याच्या जागीच जाऊन बसतो,’ असे म्हणून त्यांनी अर्ज भरला. कुणा बड्या आसामीचा पैसा घ्यायचा नाही, गल्लीगल्लीतून वर्गणी गोळा करायची, असा त्यांचा बाणा. मी चौतीस वर्षे बँकेत दुसऱ्यांच्या नोटा मोजलेल्या. तेव्हा खजिनदाराची माळ साहजिकच माझ्या गळ्यात पडली.

वर्गणी जमली चौसष्ट हजार तीनशे पन्नास रुपये. देणारे एकशे शहाऐंशी. सर्वांत मोठा आकडा एकवीसशेचा, सर्वांत लहान अकराचा. निकाल लागला तेव्हा आमचे मुख्याध्यापक पडले. किती मतांनी, ते कृपा करून विचारू नका. सारा खर्च भागवून माझ्यापाशी बेचाळीसशे रुपये उरले.

आता या पैशांचे काय करायचे? आमच्यातला एक उत्साही गृहस्थ म्हणाला, “सर्व देणगीदारांना आभाराची सुरेख कार्डे पाठवू. जाड कागद, सोनेरी कड, सरांचा हात जोडलेला फोटो. कार्ड, पाकीट, तिकीट मिळून माणशी बावीस रुपये पडतील.”

मी कागदावर गुणाकार केला. एकशे शहाऐंशी गुणिले बावीस म्हणजे चार हजार ब्याण्णव. उरतात एकशे आठ.

“त्यात आजचा चहा!” तो गृहस्थ हसत म्हणाला.

माझे मात्र डोके फिरले. ज्या माणसाने अकरा रुपये दिले, त्याचे आभार आपण बावीस रुपये खर्चून मानायचे? म्हणजे त्याचे अकरा संपलेच, वर शेजाऱ्याचे अकरा घालून आपण त्याला सोनेरी कड दाखवायची! लोकांनी पैसे दिले ते गटारांसाठी भांडायला; सरांचा फोटो छापायला नव्हे. मी तिथल्या तिथे इतिहासाचा दाखलाही ठोकून दिला.

स्वदेशीच्या काळात अंताजी दामोदर काळे यांनी ‘पैसा फंड’ काढला. प्रत्येकाने वर्षाकाठी एक पैसा द्यावा, एवढीच मागणी. लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले आणि त्या पैशापैशातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. आता गंमत पाहा. हिंदुस्थानात पोस्टकार्ड सुरू झाले १८७९ साली आणि त्याची किंमत होती पाव आणा, म्हणजे नेमका एक पैसा! पैसा फंडाच्या चालकांनी प्रत्येक देणाऱ्याला आभाराचे कार्ड टाकायचे ठरवले असते, तर फंडातला सगळाच्या सगळा पैसा टपालखात्यात जमा झाला असता आणि तळेगावला काचेचा तुकडाही दिसला नसता.

दुसरा दाखला गांधीजींचा. १८९४ साली दक्षिण आफ्रिकेत नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन झाली. तिच्या वर्गणीची हकिगत गांधीजींनी आत्मकथेत सांगितली आहे. एका सधन गृहस्थाने सहा पौंड द्यावेत अशी मंडळींची अपेक्षा; तो तीनच्या वर जाईना. सहा मिळाल्याशिवाय जेवणार नाही, म्हणून सगळे त्याच्या घरी रात्रभर उपाशी बसून राहिले. पहाटे तो विरघळला, सहा पौंड दिले आणि वर पाहुण्यांना जेवूही घातले! पण पैसा मिळवताना एवढे चिकट असलेले गांधीजी खर्चतानाही तितकेच चिकट होते. सुरुवातीला पावत्यासुद्धा त्यांनी छापून घेतल्या नाहीत. आपल्या कचेरीतल्या सायक्लोस्टाइल यंत्रावर काढल्या. छपाई सुरू केली ती तिजोरीत भर पडल्यावर.

एवढ्या दोन तोफा डागल्यावर समोरची बाजू गारद झाली. बेचाळीसशे रुपये एका शाळेच्या वाचनालयाला दिले, त्याची पावती फाइलीला लावली आणि मी विजयी मुद्रेने झोपलो. गांधीजींच्या गोष्टीतला एक शब्द मी स्वतःच उच्चारूनही ऐकला नव्हता, हे मला दोन महिन्यांनी कळायचे होते. तो शब्द ‘पावती’.

नवरात्रात एके संध्याकाळी मी मारुती रोडवरून भाजी घेऊन येत होतो. आमच्या मागल्या गल्लीत पापड लाटून विकणाऱ्या एक काकू आहेत. त्यांनी मला थांबवले.

“भाऊ, राग मानू नका, पण एक विचारू? त्या पोराकडं मी एकशे एक रुपये दिले होते. ते तुम्हांला पोचले का ओ?”

“पोचले की! वहीत लिहिलेत.”

“मग तेवढं सांगायचं तरी ओ! पावती नाही, काही नाही. पोरगं गुणाचं वाटलं होतं. पण आमच्या गल्लीत सगळे म्हणतात, त्यानं पैसे खाल्ले.”

माझ्या हातातली पिशवी एकदम जड झाली. तो मुलगा कॉलेजात शिकणारा, सकाळ-संध्याकाळ लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन स्वतःचा खर्च भागवणारा. जुलैच्या धो धो पावसात त्याने आमच्यासाठी घरोघर हिंडून वर्गणी आणली होती. मी घरी येऊन वही काढली. त्या गल्लीत तो गेला त्या दिवशी पावतीपुस्तक भिजून कागदाला कागद चिकटला होता. म्हणून त्याने नऊ जणांची नावे एका पाठकोऱ्या कागदावर लिहून आणली होती आणि रक्कम पैन् पै माझ्या हातात दिली होती. ‘त्यांना पावत्या नंतर देऊ,’ असे मीच म्हणालो होतो. ते ‘नंतर’ कधी आलेच नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुलाला गाठले. तो काही बोलेना. फार विचारल्यावर म्हणाला, “काका, त्या गल्लीतली दोन मुलं शिकवणीला यायची बंद झाली. कारण कुणी सांगितलं नाही. पण मला कळलं.”

त्या रात्री मला माझ्या वडिलांची आठवण झाली. वडील गणपती पेठेत एका हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. त्या काळी हळद हरिपूरच्या पेवांत साठवीत. जमिनीच्या पोटात खोल खड्डा, वरून तोंड बंद. माल एकदा आत गेला की कोणाच्याच डोळ्यांना दिसत नाही. शेतकऱ्याच्या मुठीत राहते ती फक्त चिठ्ठी. वडील म्हणत, “माल आला की आधी पोच लिही, मग पाणी पी. आभार मान किंवा मानू नको. पण पोच नसेल, तर मधला हमाल चोर ठरतो.”

पोच आणि आभार! दोन शब्दांतला हा भेद मी चौतीस वर्षे बँकेत काढूनही विसरलो होतो. आभार हा शिष्टाचार आहे. तो परवडला तर करावा. पोच हे देणे आहे. ते चुकवता येत नाही. मी आभारांचा खर्च वाचवण्याच्या भरात पोचच बुडवली होती आणि तिची किंमत भरीत होता एक पोरगा.

सौ. सगळे ऐकून एवढेच म्हणाली, “अहो, मग बसलात काय? सकाळी पोस्टात जा.”

पोस्टात गेलो. साधे पोस्टकार्ड पन्नास पैशांना मिळाले. शेजारी चौकशी केली तर छापील मजकुराच्या कार्डाला सहा रुपये पडतात! म्हणजे हाताने लिहाल तर पन्नास पैसे आणि छापाल तर त्याच्या बारापट. टपालखात्याला पोच आणि आभार यांतला फरक माझ्या आधीच कळला होता म्हणायचा. एकशे शहाऐंशी कार्डांचे त्र्याण्णव रुपये झाले. ते मी माझ्या खिशातून दिले. चूक माझी होती.

तीन रात्री आम्ही दोघे, सूनबाई आणि नात जेवणाच्या टेबलावर कार्डे लिहीत बसलो. मजकूर एकच. ‘आपण दिलेले एवढे रुपये अमुक तारखेला अमुक मुलाकडून पोचले. एकूण जमा रुपये ६४,३५०. खर्च ६०,१५०. शिल्लक ४,२०० शाळेच्या वाचनालयास दिली. वही पाहण्यासाठी रविवारी सकाळी घरी यावे.’ मुलाचे नाव प्रत्येक कार्डावर ठळक अक्षरांत घातले. मुख्याध्यापकांनी खाली सह्या केल्या. फोटो नाही, सोनेरी कड नाही, आणि ‘आभार’ हा शब्दही नाही.

आता कोणी म्हणेल, हा गल्लीतला कारभार. मोठ्या निवडणुकांचे काय? तिथेही प्रश्न हाच आहे, फक्त शून्ये वाढतात. लोकसभा आणि विधानसभेच्या उमेदवाराला अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतच्या खर्चाचा हिशोब १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे तीस दिवसांत द्यावा लागतो. पण तो द्यावा लागतो सरकारदरबारी. ज्याने अकरा रुपये दिले, त्याच्या दारापर्यंत तो येत नाही. पक्षांना वीस हजारांवरच्या देणग्यांची यादी निवडणूक आयोगाला द्यावी लागते. त्याखालच्या देणगीदाराचे नाव त्या यादीत येत नाही. २०१८ साली, म्हणजे आमच्या त्या निवडणुकीच्याच वर्षी, निवडणूक रोखे आले. त्यात कोणी कोणाला किती दिले हे मतदाराला कळायची सोयच नव्हती. पेवाचे तोंड बंद आणि चिठ्ठी गायब! सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ती योजना घटनाबाह्य ठरवली, तेव्हा कुठे याद्या बाहेर आल्या. मोठ्या देणगीदारांचे आभार कोणी कसे मानले असतील ते असोत. जनतेला हवी होती ती पोच.

अमेरिकेत तर आभारपत्राचा धंदाच झाला आहे. १९६४ साली गोल्डवॉटर तिथल्या अध्यक्षपदाची निवडणूक हरले. पन्नास डॉलर वा अधिक देणाऱ्यांची नावे कायद्याने सरकारी दप्तरात नोंदलेली होती. रिचर्ड व्हिगेरी नावाच्या तरुणाने ती नावे हाताने उतरवून काढली आणि त्या यादीवर टपालाने वर्गणी मागण्याचा मोठा व्यवसाय उभारला. तिथल्या आभारपत्राच्या पोटात बहुधा आणखी एक रिकामे पाकीट असते, पुढच्या देणगीसाठी. ज्या पत्राने पुन्हा हात पसरला, त्याला आभार कसे म्हणावे? आमच्या सांगलीने २०२४ साली ‘लिफाफा’ या चिन्हावर उभ्या राहिलेल्या अपक्षालाच लोकसभेवर पाठवले. तेव्हा लिफाफ्याशी आमचे काही वैर नाही. माझे म्हणणे इतकेच की, लिफाफ्याच्या आत हिशोब असावा.

तर, निवडणुकीच्या पैशातून देणगीदारांना पत्र पाठवावे का? माझे उत्तर आता असे आहे. पोच अवश्य पाठवावी. तो खर्च वाया जात नाही. तो विश्वासाचा विमा आहे आणि घरोघर हिंडणाऱ्या पोरांच्या अब्रूचाही. आभार मात्र उमेदवाराने स्वतःच्या पायांनी जाऊन मानावेत, नाहीतर स्वतःच्या खिशातून. देणाऱ्याच्याच पैशांनी देणाऱ्याचे आभार मानणे म्हणजे पाहुण्याने आणलेला पेढा त्यालाच बशीत घालून देणे!

कार्डे गेली आणि पुढच्या रविवारी सकाळी मी वही उघडून ओसरीवर बसलो. एकशे शहाऐंशींपैकी आले चौघे. त्यांत पापडवाल्या काकू होत्या. त्यांनी वहीतल्या आपल्या नावावर बोट ठेवले, एकशे एकचा आकडा पाहिला आणि वही मिटली. मग पिशवीतून पापडांचा एक पुडा काढून म्हणाल्या, “हा त्या पोराला द्या. मी बोलले होते त्याच्याबद्दल.”

“काकू, तुम्हीच द्या त्याला,” मी म्हणालो. त्या तशाच उठून त्याच्याकडे गेल्या. शिकवणीची एक मुलगी त्या आठवड्यात परत आली. दुसरी आली नाही. सगळे नुकसान पन्नास पैशांत भरून येत नाही.

त्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला मी आमच्या घरच्या जमाखर्चाच्या वहीशेजारी ती निवडणुकीची वहीसुद्धा पाटावर ठेवली. नातीने विचारले, “आजोबा, ही तर हरलेल्या निवडणुकीची वही. हिची पूजा कशाला?”

मी म्हटले, “बाळ, निवडणूक हरली. वही नाही हरली.” आणि तिच्यावरही हळदकुंकू वाहिले.