‘सिरस’: एका ढगाची नावे

पावसाळा सरला की निळ्या आकाशात फार उंचावर पांढरे, विंचरल्यासारखे ढग दिसतात. ते बर्फकणांचे असतात. शास्त्रात त्यांना ‘सिरस’ म्हणतात. या लॅटिन शब्दाचा अर्थ केसांची कुरळी बट.

हे नाव ल्यूक हॉवर्डने दिले. लंडनमधला हा औषधी रसायनांचा व्यावसायिक. १८०२च्या डिसेंबरात एका व्याख्यानात त्याने ढगांची वर्गवारी मांडली. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लामार्कनेही ती मांडली होती; पण त्याची नावे फ्रेंच होती, ती रुजली नाहीत. पुढे थॉमस फॉर्स्टरने ‘सिरस’साठी ‘कर्लक्लाउड’ हे इंग्रजी नाव सुचवले, तेव्हा हॉवर्डने हरकत घेतली. लॅटिन नावे सर्व देशांतल्या अभ्यासकांना सारखीच कळतात, हा त्याचा मुद्दा. शास्त्रात तोच टिकला.

लोकभाषांनी मात्र आपापल्या डोळ्यांनी पाहिले. जर्मनांना त्यात पीस दिसले: ‘फेडरवोल्के’. इंग्रजांना घोडीची शेपटी. जपानी ‘केन्उन’ एका चिन्हाने लिहिला तर वळलेला ढग, दुसऱ्याने लिहिला तर रेशमाचा, उच्चार एकच. मराठी परिभाषेत तो ‘तंतुमेघ’ झाला. केसाचा धागा झाला, कुरळेपणा मात्र गळला.

याउलट ‘क्युम्युलस’ म्हणजे ढीग. जर्मन ‘हाउफेनवोल्के’, जपानी ‘सेकिउन’, मराठी ‘राशिमेघ’: सगळीकडे ढीगच. मला याचे कारण साधे वाटते. खळ्यावरची रास कुठल्याही मुलखात राशीसारखीच दिसते. बटेची उपमा मात्र ज्याची त्याला सुचते. म्हणून परिभाषा घडवताना कोश उघडण्याआधी एकदा वर पाहावे.